‘सोडा की मासं, काय हुत न्हाई!’

गेल्या चोवीस दिवसांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी नुसतं ‘काय हुत’ म्हटलं तरी माझं डोकं सणकतं. होतं! मरतात मासे! माझ्या डोळ्यांदेखत मेलेत.

जानेवारीत टाकी घेतली. शंभर लिटरची, खाऱ्या पाण्याची. दुकानदारानं टाकी, फिल्टर, मीठ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश एकाच संध्याकाळी विकायला काढले. मासे दोन दिवस त्याच्याकडेच ठेवले, तेही मीच विचारलं म्हणून. “पाणी नितळ झालं की सोडा बिनधास्त, वैनी.” पाणी नितळ झालं. सोडले. पोरानं नावंही ठेवली, सर्जा आणि राजा. चौथ्या दिवशी दोघं वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, कल्ले भात्यासारखे धपापत होते. सहाव्या दिवशी सकाळी दात घासता घासता पोरगं टाकीपाशी गेलं आणि तिथनंच त्यानं मला हाक मारली. ती हाक मी विसरणार नाही.

जाब विचारायला गेले तर म्हणतो, “तुम्ही खायला जास्त घातलासा.” अरे, चिमूटभर दाणे! हा मासा नीट ठेवला तर दहा वर्षांच्या वर जगतो, तो सहा दिवसांत गेला आणि खापर माझ्या चिमटीवर? अमोनिया मोजायचं किट तुझ्या दुकानात साधं दाखवायलाही नव्हतं, ते मला बाहेरून मागवावं लागलं. वर शहाणपण असं, की आधी दोन स्वस्तातले डॅमसेल मासे सोडा, ते मेले तर मेले, टाकी तयार होते. म्हणजे एक जीव जाळून दुसऱ्यासाठी जागा करायची. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगताना लाज कशी वाटत नाही?

कुणी नीट सांगतच नाही, म्हणून मी सांगते. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखं असलं तरी त्यात कल्ले भाजून काढण्याइतका अमोनिया असू शकतो, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, आठच्या वर असल्यामुळे त्यातला विषारी भाग वाढतो. तो खाणारे जीवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानानं सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. पण नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतातच! ते दगडावर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात. इतर कितीतरी जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, या दोन्ही जातींना जवळजवळ दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे. बाटलीतले जीवाणू घातले तर थोडं लवकर होतं, पण तेही विरजणच आहे. विरजण लावून पातेलं तासातासाला ढवळता का?

आमच्या घरात ढवळतात. एक मावसभाऊ म्हणाला, मालवणला चाललोय, समुद्रातनं प्रवाळाचा दगड आणतो, लगेच मासे सोडता येतील. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हात लावायचा नाही, हे सांगितलं तर “लई कायदा सांगतीस”. शेजारच्या काकूंनी मी ऑफिसात असताना पाणी कमी दिसलं म्हणून नळाचं तांब्याभर ओतलं. चांगल्या मनानं केलं, माहीत आहे. पण त्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि मी आरओचं पाणी उगाच का भरते? लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबानं मीठ तोलून घातलंय, घनता १.०२५ वर आणलीय. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून वरनं गोडंच घालायचं, पण शुद्ध.

आणि परवाच्या रविवारी कहर झाला. भाऊजी प्लास्टिकच्या पिशवीत निळा डॅमसेल घेऊन दारात उभे. “वहिनी, पोरगं हिरमुसलंय. किती दिवस नुसती दगडं बघायची त्येनं?” पोरगं उड्या मारायला लागलं. मी त्यांच्यासमोर नळीत पाच मिली पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं थांबले. ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कार्डाला नळी लावली. पिवळं यायला हवं होतं, हिरवं आलं. अमोनिया एक पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. त्या पिशवीतल्या जिवाला मी तसलं पाणी पाजायचं? पिशवी घेऊन तशीच राजारामपुरीतनं दुकान गाठलं आणि मासा परत केला. पैसे नाही दिले परत. नकोत मला.

अहो, तालमीत पोरगं घातलं की पहिल्याच आठवड्यात खासबागेत कुस्तीला उतरवता का? वर्षानुवर्षं मेहनत, खुराक, वस्ताद म्हणेल तेव्हा. ते या गावात कुणाला समजवावं लागत नाही. मग सहा आठवडे रिकामी टाकी बघायला काय जातं तुमचं?

रिकामी तर नाहीच ती. मी मोजून अमोनियम क्लोराइड घालते, दोन पीपीएमपर्यंत, म्हणजे जीवाणूंना खायला मिळतं आणि एकाही माशाचा जीव जात नाही. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दाखवलं, की झालं. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचं, आणि मगच मासा. एकच, पहिल्यांदा.

काल रात्री अमोनियाची नळी पहिल्यांदा पिवळी आली. नायट्राइटची मात्र गडद जांभळी. खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशाला तेवढं मारक नसतं, हे मला कुणी ऐकवू नका, मी वाचलंय. जांभळं आहे म्हणजे नायट्राइट खाणाऱ्या जीवाणूंची दुसरी फळी अजून उभी राहिलेली नाही. नळीमागे कार्ड पोरानंच धरलं होतं. “अजून नाही ना गं?” म्हणाला, आणि वहीत तारखेपुढं जांभळ्या पेन्सिलीनं गोल भरला. सात वर्षांच्या पोराला कळतं ते तुम्हाला कळत नाही?