‘एकदा तुरुंग दाखवून आणा, पोरगं सुतासारखं सरळ होईल’ : नाही होत

गुन्हेगारी कशी संपेल हे सहा मुद्द्यांत सांगणारा एक फॉरवर्ड फिरतोय. मुद्दे असे: गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, गुन्हे दरवर्षी वाढतच चाललेत, जबर शिक्षा हाच उपाय, एक काच फुटली की वस्ती बिघडते, कॅमेरे लावले की प्रश्न मिटतो, आणि बिघडू लागलेल्या मुलाला एकदा तुरुंग दाखवून आणा. तो घरच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली चौदा वर्षांच्या एका मुलाच्या आईने विचारलं, ‘अशी भेट कुठे ठरवता येते?’ त्यावर तीन अंगठे. म्हणून हे लिहावं लागतंय.

सहावा मुद्दा आधी. बाकीचे पाच अर्धवट किंवा चुकीचे आहेत. हा घातक आहे.

फॉरवर्ड म्हणतो, अमेरिकेत उनाड मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभं केलं आणि सगळी सुधारली. या गोष्टीचं मूळ खरं आहे. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांनीच हा कार्यक्रम सुरू केला. मुलांना आत आणायचं, अगदी नाकाला नाक लावून ओरडायचं, आत काय काय भोगावं लागतं ते अर्वाच्य भाषेत सांगायचं. १९७८ साली यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा माहितीपट निघाला आणि त्याला ऑस्करही मिळालं. सतरापैकी सोळा मुलं तीन महिने सरळ वागली, असा दावा केला गेला.

सतरा मुलं, तीन महिने. आणि जी मुलं तुरुंगात गेलीच नाहीत, त्यांनी त्याच तीन महिन्यांत काय केलं? हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या सोळाला काडीची किंमत नाही. फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या नोंदी मार्विन वोल्फगँग आणि सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत तपासल्या. तिघांतल्या एकाहून अधिक मुलांचं नाव कधी ना कधी पोलिसांकडे लागलं होतं, आणि त्यांतली जवळपास निम्मी पहिल्या खेपेनंतर पुन्हा त्या नोंदीत दिसलीच नाहीत. म्हणजे एकदा चुकलेल्या मुलांना तुम्ही तुरुंग दाखवा, देवळात न्या नाहीतर काहीच करू नका, त्यांतली पुष्कळशी सुधारलेलीच दिसणार. श्रेय मात्र तुरुंगाला.

जेम्स फिंकेनॉअर या अभ्यासकाने राहवेच्याच कार्यक्रमाची पडताळणी केली. आत जाऊन आलेल्या मुलांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा गुन्हा केला. तुलनेसाठी घेतलेल्या, आत न गेलेल्या मुलांत हे प्रमाण ११ टक्के होतं. एक अभ्यास तोही लहान, म्हणून सोडून देऊ म्हणाल, तर अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांचा आढावा बघा. त्यांनी अशा कार्यक्रमांवरचे नऊ प्रयोग एकत्र केले. प्रयोग म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत वाटणी केलेले, १९६७ ते १९९२ दरम्यान नोंदवले गेलेले, एकूण हजाराच्या आसपास मुलांवरचे. निष्कर्ष असा की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले. ‘फायदा दिसला नाही’ इतकंच असतं तर एक वेळ चाललं असतं. इथे नुकसान झालं. काहीच केलं नसतं तर ते बरं, असं तो आढावा सरळ म्हणतो.

मुलं घाबरत नाहीत असं नाही. घाबरतात, काही रडतातसुद्धा. एवढं फॉरवर्डवाल्यांना दिलं. पण भीती नेमकी कुठे जाऊन चिकटते ते बघा. भेट असते सकाळी, मोठ्यांच्या देखरेखीत. गाडीची काच फुटते रात्री, चार मित्रांसमोर, ‘फट्टू आहेस का’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल. त्या क्षणी डोक्यात कोठडी नसते, मित्रांचे चेहरे असतात.

दुसरं, भेटीला मुलं निवडतात कशी? ‘वाया चाललेली’ म्हणून वेचून. वेगवेगळ्या शाळांतली, एकमेकांना न ओळखणारी मुलं एका गाडीत बसतात आणि परतताना ओळख झालेली असते. टोळकं आपणच जमवून दिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात हेच दिसलं होतं. १९३९पासून ५०६ मुलं, निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्यांचा माग काढला, तर मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट निघाली. आणि एकाहून जास्त वेळा शिबिराला पाठवलेल्या मुलांत हे नुकसान अधिक ठळक होतं. हेतू शंभर टक्के चांगला होता, हे लक्षात घ्या.

तिसरं कारण समाजशास्त्रात जुनं आहे. एडविन लेमर्ट यांनी १९५१ साली विचलनाचे, म्हणजे रुळावरून घसरण्याचे, दोन टप्पे सांगितले. पहिला, मूल काहीतरी नियमबाह्य करतं, जे बहुतेक सगळेच कधीतरी करतात. दुसरा, लोक त्याला ‘तसला’ म्हणू लागतात आणि मग ते त्या नावाला जागू लागतं. तुरुंगभेट म्हणजे या दुसऱ्या टप्प्याचं जाहीर उद्घाटन. पोरगं सोमवारी वर्गात येतं ते ‘मी जेल बघून आलोय’ ही पदवी घेऊनच.

आता शिक्षेचा मुद्दा, कारण सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात. शिक्षेची खात्री तिच्या कठोरपणापेक्षा जास्त काम करते, हे चेझारे बेकारिया हा इटालियन विचारवंत १७६४ साली लिहून गेला आणि तेव्हापासूनचं संशोधन बहुतांशी त्याच्याच बाजूने झुकतं. फाशीबद्दल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली सांगून टाकलं की तिने खून कमी होतात, वाढतात की काहीच होत नाही, हे आजवरच्या अभ्यासांवरून सांगता येत नाही. गुन्हा करणारा कलमाखालची वर्षं मोजत नाही. ‘आत्ता, इथे, कोणी बघतंय का?’ एवढंच बघतो.

म्हणून ‘पोलीस वाढवा’ हेही मोघम सांगून उपयोग नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ साली काही भागांत गाडीवरची गस्त दोन-तीन पट केली, काही भागांत नेहमीइतकी ठेवली, काही भागांत बंद केली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि बहुतेक रहिवाशांना बदल झालाय हे कळलंही नाही. कारण गस्त सगळीकडे सारखी पसरली होती, गुन्हे मात्र तसे पसरलेले नसतात. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमध्ये लॉरेन्स शर्मन या अभ्यासकाने पोलिसांना येणारे फोन पत्त्यांनुसार लावले, तर शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आलेले. अशा ठिकाणी गाडी नुसती फिरवायची नाही. दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं, निघायचं, मग ठरलेला क्रम न ठेवता पुन्हा यायचं. त्याहून जास्त वेळ उभं राहून फारसं वाढीव काही मिळत नाही, आणि त्याहून कमी थांबलं तर गाडी नुसती दिसून जाते.

शिक्षा न वाढवता चोरी कशी घटते याचा माझा लाडका पुरावा पश्चिम जर्मनीतला आहे. तिथे १९८० साली विनाहेल्मेट दुचाकीस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवण्याचा. पण त्या वर्षी सुमारे दीड लाख असलेल्या दुचाकीचोऱ्या १९८६पर्यंत ५४ हजारांवर आल्या. दुचाकी चोरणारे बरेच जण ती जाता जाता उचलत. जाता जाता उचलणाऱ्याच्या हातात हेल्मेट नसतं आणि बिनहेल्मेटचा माणूस पहिल्याच चौकात अडवला जातो. मग ते सगळे मोटारी चोरू लागले का? मोटारींच्या चोऱ्या थोड्या वाढल्या, पण घटलेल्या लाखभराच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतक्याच. ‘चोराला एक दार बंद केलं की तो दुसरं शोधतो’ हे आपण म्हणीसारखं बोलतो. बऱ्याचदा तो घरी जातो.

फुटक्या काचेच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. फॉरवर्डमधली गोष्ट अशी: दोन गाड्या दोन वस्त्यांत सोडल्या, चांगल्या वस्तीतली आठवडाभर शाबूत राहिली, मग एक काच फोडली आणि जमावाने तिचा फडशा पाडला. हा फिलिप झिम्बार्डो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९६९चा प्रयोग. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या गाडीवर दहा मिनिटांत हात पडला, आणि पहिले आले ते आई, बाप आणि लहान मुलगा असं कुटुंब. बॅटरी आणि रेडिएटर काढून घेऊन गेले. चांगल्या वस्तीतल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या, गाडीला मात्र कोणी शिवलं नाही. उलट पाऊस आला तेव्हा एका वाटसरूने उघडं बॉनेट लावून दिलं. अखेर घण हाती घेतला तो झिम्बार्डो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीच. १९८२ साली विल्सन आणि केलिंग या अभ्यासकांनी ‘फुटकी खिडकी’ ही कल्पना मांडली तेव्हा झिम्बार्डोंचा घण सांगितला, पण लगेच वाटसरूही सामील झाले असं लिहून विद्यार्थ्यांना गाळलं. फॉरवर्डमध्ये तर घणही उरला नाही, काच आपोआप फुटली.

तथ्य आहे ते दुसरीकडे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये टपालपेटीतून पाच युरोची नोट दिसणारं पाकीट अर्धवट बाहेर लोंबत ठेवलं. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते लांबवलं, पेटीवर रेघोट्या ओढलेल्या असताना २७ टक्क्यांनी. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा आजूबाजूच्या घाणीचा परिणाम होतो. पण त्यावरून ‘दिसेल त्याला उचलून आत टाका’ हा निष्कर्ष निघत नाही. अँथनी ब्रागा या अभ्यासकाने बकालपणा हटवण्याच्या पोलीस उपक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा रहिवाशांना सोबत घेऊन त्या त्या जागेची अडचण सोडवणारे उपक्रम चालले. सरसकट धरपकडीचे चालले नाहीत. दिवा बदला, पडीक जागेला मालक शोधा, कचरा उचला. धरपकड नको.

कॅमेरे: चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा सांगतो की सरासरी १३ टक्के घट, सर्वांत जास्त गाड्यांच्या तळांवर, आणि हाणामारीवर परिणाम जवळजवळ शून्य. भांडणाच्या भरात वर कोण बघतो? पैसा मोजकाच असेल तर ज्या घरी नुकतीच चोरी झाली, तिथली कडी आधी बदला. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता पुढचे काही आठवडे वाढलेली असते, शेजारच्या घरांचीही. इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत याच हिशेबाने काम केलं. चोरांना रोकड पुरवणारे नाणी टाकायचे वीज-गॅस मीटर काढले, चोरी झालेल्या घराच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या.

‘जन्मजात गुन्हेगार’ ही लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरची १८७६ची कल्पना. इंग्लंडमधल्या चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेऊन १९१३ साली ती निकालात काढली. शंभर वर्षं उलटून गेली, आता पुरे. आणि ‘गुन्हे वाढतच चाललेत’? कुठले आणि कुठे, ते सांगा. इंग्लंड-वेल्समध्ये घरोघरी विचारून केलेल्या पाहणीत आकडा १९९५च्या सुमारास कळसाला पोहोचला आणि मग निम्म्याहूनही खाली आला. पोलिसांकडच्या नोंदी वाढल्या तर कधीकधी त्याचा अर्थ इतकाच की लोक तक्रार करू लागले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. समजा, मुलाने खरंच काही उचललंय. वस्तू त्याच दिवशी त्यानेच परत न्यावी. तुटली असेल तर किंमत स्वतःच्या कष्टातून फेडावी, आणि ती चार-सहा आठवड्यांत फिटेल इतकीच ठेवावी; वर्षभर लोंबकळलं की ती शिक्षा न राहता ओळख बनते. नातेवाइकांत चर्चा नको. ‘रीतसर केस होऊ दे, धडा मिळेल’ असं कोणी सुचवलं, तर पेट्रोसिनो यांचा आणखी एक आढावा २०१०चा आहे: २९ प्रयोग, सात हजारांवर मुलं, आणि किरकोळ गुन्ह्यांत न्यायालयाच्या चक्रात अडकवलेली मुलं बाहेरच्या बाहेर मार्गी लावलेल्या मुलांपेक्षा सुधारली नाहीत, थोडी बिघडलीच. शाळा सुटल्यापासून मोठी माणसं घरी येईपर्यंतचे दोन-तीन तास सांभाळा. मुलांच्या हातून जे घडतं त्यातलं बरंच त्याच वेळात घडतं. तिथे खेळ, काम, आजी, शेजारी, काहीही चालेल, फक्त आसपास एक मोठं माणूस हवं. समुपदेशकाकडे नेणार असाल तर ते रागाच्या प्रसंगांची उजळणी, तालीम करून घेतात का ते विचारा. नुसत्या उपदेशाने फरक पडत नाही.

आणि कुठल्या सुधार शिबिराची जाहिरात पुढे आली, तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की तिथे येणारी सगळी मुलं ‘बिघडलेली’च असतात का. ‘हो’ म्हणाले तर नाव घालू नका.