झिरो बघून घ्या

नागपूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस एकच वाद पेटलाय. पंपावरच्या पोट्ट्याने भाच्याला झापलं, ‘मोबाइल खिशात टाका!’ आणि पेट्रोल भरून होताच त्याच्या नाकासमोर क्यूआर कोडचं कार्ड धरलं. भाऊजी म्हणतात, पोट्टा बरोबर होता, मोबाइलने भडका होतो. भाचा म्हणतो, मग स्कॅन करताना काहून होत नाही?

मला राहवलं नाही. अमेरिकेतल्या एडिसनहून सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशालाही पेट घेऊ शकते, पण त्यासाठी ठिणगी लागते, आणि ती बहुतेक वेळा माणसाच्या अंगातून येते. इकडे हिवाळ्यात लोक नोझल टाकीत अडकवून गाडीत जाऊन बसतात. सीटवर कोट घासला जातो, अंगात स्थिर वीज साठते, बाहेर येऊन नोझलला हात लावला की चट्! टल्साच्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. मोबाइलने लागलेली एकही सापडली नाही. म्हणून नोझल धरण्याआधी गाडीच्या पत्र्याला हात लावा, हे खरं शहाणपण. बोलण्यात लक्ष जातं म्हणून फोन नको म्हणा, कबूल. पण भडका? पंपांना परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, आणि पाट्या अजून त्याच! इकडे असं कोणी खेकसत नाही. (स्टिकरं इकडेही आहेत. ते मी सांगितलं नाही.)

भाच्याने एवढंच विचारलं, “मामा, तिकडे तुम्ही स्वतःच भरता ना?”

नाही भरत. न्यू जर्सीत 1949 पासून गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, आणि कायद्यात दिलेलं एक कारण आगीचंच. बावीस वर्षांत नोझल हातात घेतलं ते एकदा, पेन्सिल्वेनियात. पंपासमोर मी बावळटासारखा उभा. मागच्याने हॉर्न दिला, तेव्हा लेक उतरली. “बाबा, आधी कार्ड.” पत्र्याला हात लावायचं त्या दिवशी कोणाच्या डोक्यात होतं!

भाच्याला उत्तर दिलेलं नाही. काल पेट्रोल घ्यायला गेलो, तर पंपावरचा पंजाबी मुलगा हिंदीतच बोलला, “फुल?” मी काच खाली करून मान बाहेर काढली, झिरो दिसतो का बघायला. बाबांच्या लुनावर मागे बसून लागलेली सवय. इकडे कोणी झिरो दाखवत नाही, आणि अजून कोणी फसवलेलंही नाही.