विल्यम रेनशॉची सात विम्बल्डन फुकटात मिळालेली नाहीत

विम्बल्डन आलं की एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश टेनिसपटू विल्यम रेनशॉबद्दल हा मजकूर फिरू लागतो: ‘विल्यम रेनशॉची सात विजेतेपदं नावापुरती. गतविजेता तेव्हा थेट अंतिम सामन्यात उतरायचा. वर्षाला एक सामना, तोही सख्ख्या भावाशी. आणि खेळ म्हणजे नुसती टोलवाटोलवी.’

नियमाची गोष्ट खरी आहे. बाकीच्यांनी ऑल-कमर्स स्पर्धा खेळायची आणि तिच्या विजेत्याने गतविजेत्याला आव्हान द्यायचं, हा ‘चॅलेंज राउंड’ १९२१पर्यंत होता. १८८२ ते १८८६ या पाच वर्षांत रेनशॉ एकेकच सामना खेळला. पीट सॅम्प्रसच्या सात विजेतेपदांशेजारी रेनशॉची सात मांडताना हे लिहायलाच हवं. पण सवलत एकट्या रेनशॉला नव्हती. चार दशकांहून अधिक काळ ती प्रत्येक विजेत्याला होती, तरी ओळीने सहा वर्षं कुणी जिंकलं नाही. लॉरी डोहर्टी पाचांवर थांबला.

शिवाय सातांपैकी दोन विजेतेपदं पहिल्या फेरीपासून खेळून मिळवलेली आहेत. १८८१मध्ये उपांत्य फेरीत हर्बर्ट लॉफर्डने त्याला पाच सेट झुंजवलं, मग चॅलेंज राउंडमध्ये त्याने जॉन हार्टलीला ६-०, ६-१, ६-१ असं उडवलं. १८८७मध्ये कोपराच्या दुखापतीमुळे तो उतरलाच नाही, १८८८मध्ये विलोबी हॅमिल्टनने त्याला उपांत्यपूर्व फेरीत हरवलं. म्हणजे १८८९मध्ये पुन्हा रांगेत. ऑल-कमर्सच्या अंतिम सामन्यात हॅरी बार्लोने पहिले दोन सेट घेतले. चौथ्या सेटमध्ये रेनशॉने सहा मॅच पॉइंट वाचवले, पाचव्यात तो ०-५ असा मागे होता. निकाल: ३-६, ५-७, ८-६, १०-८, ८-६. ‘वर्षाला एक सामना’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा.

भावाचं म्हणाल, तर सातांपैकी तीनच अंतिम सामने जुळ्या अर्नेस्टशी झाले. तीन लॉफर्डशी, एक हार्टलीशी. १८८२ आणि १८८३, दोन्ही वेळा अर्नेस्टने त्याला पाच सेटपर्यंत नेलं, आणि १८८८चा विजेता स्वतः अर्नेस्टच होता.

टोलवाटोलवीचा आरोप सर्वांत चुकीचा, कारण रेनशॉचं खरं काम तिथेच आहे. १८७७मध्ये जाळं खांबांपाशी ५ फूट उंच होतं, मध्ये ३ फूट ३ इंच. कडेच्या रेषेलगत मारायचं तर चेंडू पाच फुटांवरून काढून पुन्हा कोर्टात पाडावा लागे, त्यामुळे फटके मधूनच येत. जाळ्याला चिकटून मधला भाग अडवला की काम व्हायचं. पहिला विजेता स्पेन्सर गोर तेच करायचा; पुढच्या वर्षी फ्रँक हॅडोने डोक्यावरून उंच चेंडू, म्हणजे लॉब, टाकून त्याला हरवलं.

१८८०मध्ये खांबांपाशी उंची ४ फूट झाली, १८८२मध्ये साडेतीन. मध्ये ३ फूट. आता कडेच्या रेषा मोकळ्या झाल्या. जाळ्यापाशी उभं राहणारा दोन्ही कडांनी आणि डोक्यावरूनही सापडू लागला. रेनशॉ मागे सरकून सर्व्हिस लाइनच्या आसपास, जाळ्यापासून सुमारे २१ फुटांवर उभा राहू लागला. तिथून लॉब आला की डोक्यावरूनच थेट जोरदार फटका, म्हणजे स्मॅश. या जागेची अडचण अशी, की चेंडू जाळ्याच्या उंचीखाली, पायाशी येतो. तो टप्पा पडायच्या आत उचलून खोल टाकायचा, तर गुडघे वाकवून रॅकेटचं तोंड नेमकं उघडावं लागतं. जरा जास्त उघडलं की चेंडू हवेत तरंगतो, कमी उघडलं की जाळ्यात. समोर लॉफर्ड होता, बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, चेंडूला पुढच्या दिशेने जबर फिरकी (टॉपस्पिन) देऊन मारणारा. त्याच्याविरुद्ध १८८४ आणि १८८६मध्ये रेनशॉने पहिला सेट ६-० असा घेतला.

राहिली ‘आयत्या’ फायद्याची गोष्ट. गतविजेता स्पर्धेतला एकही सामना न खेळता उतरतो, समोरचा मात्र हात बसलेला असतो. १८८८, १८८९, १८९० अशी सलग तीन वर्षं गतविजेताच हरला. १८९०चा तो गतविजेता रेनशॉ होता: हॅमिल्टनविरुद्ध तीन सेटनंतर २-१ असा पुढे, आणि मग १-६, १-६.