मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, प्रॉपचे नाही

19 जुलै 2025 ला इटलीतल्या रोविगोमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पोरांनी न्यूझीलंडला 23-15 असं हरवलं आणि 20 वर्षांखालील रग्बीचं जगज्जेतेपद घेतलं. या स्पर्धेचा निकाल लागला की एक ठरलेला हिशेब फिरायला लागतो. थोडक्यात तो असा:

"अंडर-20 जिंकणारा देश सात वर्षांनी मोठा वर्ल्ड कप जिंकतो. न्यूझीलंड 2008 ला जिंकलं, मग 2015 त्यांचं. दक्षिण आफ्रिका 2012 ला जिंकली, मग 2019 त्यांचं. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हा उद्याचा सुपरस्टार. विसाव्या वर्षी खेळाडू तयार झालेला असतो, आणि सगळे देश पूर्ण ताकदीनं उतरतात, म्हणून हा खरा आरसा. 2025 मध्ये सात मिळवले की 2032, त्याच्या सर्वात जवळचा वर्ल्ड कप 2031 चा, तो दक्षिण आफ्रिकेचाच समजा."

वाचायला छान आहे. पण यातलं एकेक वाक्य उचलून पाहिलं की हिशेब कोसळतो.

"सात वर्षांनी मोठा वर्ल्ड कप"

ही स्पर्धा 2008 ला वेल्समध्ये सुरू झाली. त्याआधी 19 आणि 21 वर्षांखालच्या दोन वेगळ्या स्पर्धा होत्या, त्या बंद करून ही एक केली. 2020 ते 2022 अशी तीन वर्षं कोरोनामुळे ती झालीच नाही. म्हणजे 2025 पर्यंत 15 वेळा. न्यूझीलंड 6 (2008 ते 2011 सलग चार, मग 2015 आणि 2017), इंग्लंड 4 (2013, 2014, 2016, 2024), फ्रान्स 3 (2018, 2019, 2023), दक्षिण आफ्रिका 2 (2012, 2025).

आता सातचा पाढा पुढे म्हणा. 2016 ला इंग्लंड जिंकलं, सात मिळवा, 2023. त्या वर्षी इंग्लंड उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून 16-15 असं हरलं. 2015 आणि 2019 च्या आधी सात वर्षं मोजली की जमतं, 2023 च्या आधी मोजली की जमत नाही. मग सात हाच आकडा का? कारण तो आधीच्या दोन उत्तरांवरून काढलेला आहे. बाण मारून त्याभोवती वर्तुळ काढलं की नेम अचूकच दिसतो.

इंग्लंडचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. 15 पैकी 10 अंतिम सामन्यांत इंग्लंड होतं, 2013 ते 2018 सलग सहा वेळा. या पिढीनं 2019 च्या वर्ल्ड कपच्या योकोहामातल्या फायनलपर्यंत मजल मारली, हे मान्य. पण तिथे 32-12 असा मार खाल्ला, आणि तो दिला कोणी? ज्या देशाच्या नावावर तोवर अंडर-20 चं एकच जेतेपद होतं त्यानं. 2013 ते 2024 या काळात दक्षिण आफ्रिकेला अंडर-20 एकदाही जिंकता आली नाही. त्याच काळात त्यांच्या मोठ्या संघानं लागोपाठ दोन वर्ल्ड कप उचलले.

न्यूझीलंडचा 2015 चा विजय 2008 च्या पोरांच्या खात्यावर टाकतानाही जरा दमानं घ्यावं. त्या फायनलच्या पहिल्या पंधरात अंडर-20 तून आलेले रिटॅलिक, व्हाइटलॉक, आरोन स्मिथ, ज्युलियन सव्हिआ होते हे खरं. पण संघाचा कणा होता मॅकॉ, कार्टर, नोनू आणि कॉनराड स्मिथ. हे चौघंही 2008 ला पंचविशी ओलांडलेले होते, त्यांच्या पोरवयात ही स्पर्धाच नव्हती. 2011 च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा. डॅन कार्टर आधीच जायबंदी, 2009 च्या अंडर-20 चा हिरो आरोन क्रूडन मैदानात होता, तर पहिल्याच हाफमध्ये त्याचा गुडघा गेला. फ्रान्सविरुद्ध 8-7 नं संपलेल्या त्या सामन्यातली निर्णायक पेनल्टी मारली स्टीफन डोनाल्डनं, 1983 सालचा जन्म, दुखापतींच्या रांगेमुळे ऐनवेळी बोलावून घेतलेला.

उलट बाजूनंही तपासा. जपानचा अंडर-20 संघ 2016 आणि 2018 दोन्ही वेळा शेवटून पहिला आला आणि खालच्या पातळीच्या ट्रॉफी स्पर्धेत ढकलला गेला. 2019 मध्ये जपानच्या मोठ्या संघानं आयर्लंड आणि स्कॉटलंडला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच 2019 मध्ये स्कॉटलंडची पोरं तळाला गेली, ती 2025 लाच वरच्या स्पर्धेत परतली. मधल्या काळात त्यांचा मोठा संघ जगातल्या पहिल्या दहांत खेळत होता.

"सर्वोत्तम खेळाडू म्हणजे उद्याचा सुपरस्टार"

कधीकधी. 2014 चा मानकरी हँड्रे पोलार्ड. अंडर-20 ची फायनल इंग्लंडकडून 21-20 अशी एका गुणानं हरला आणि त्याच जूनच्या शेवटी स्कॉटलंडविरुद्ध मोठ्या संघात पदार्पण केलं. पुढे 2019 आणि 2023 ची दोन्ही पदकं. पण 2008 चा पहिलाच मानकरी ल्यूक ब्रेड ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या मोठ्या संघाकडून, एकही कसोटी (देशादेशांतला सामना) खेळला नाही. 2012 चा यान सेरफॉन्टेन 2019 च्या विश्वविजेत्या संघात नव्हता. 2013 चा वेल्सचा सॅम डेव्हिस 2015 आणि 2019 च्या वर्ल्ड कप संघांत नव्हता.

आणि जे यादीत नव्हते ते? 2019 च्या फायनलमध्ये ट्राय करणारा, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणारा, माकाझोले मापिंपी. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेची ती पहिलीच ट्राय. ईस्टर्न केपच्या गावाकडून आलेला, अंडर-20 च्या जवळपासही न फिरकलेला, 2018 ला पदार्पण झालं तेव्हा सत्ताविशी पार केलेला.

सर्वात मोठं उदाहरण आंत्वान द्यूपाँ. 2016 ला मँचेस्टरच्या अंडर-20 स्पर्धेत तो फ्रान्सकडून खेळला. तो संघ पहिल्या आठातही आला नाही. 2021 ला तो जगातला सर्वोत्तम खेळाडू, 2024 ला सेव्हन्समध्ये (सात-सात जणांच्या रग्बीत) ऑलिंपिक सुवर्ण. त्या स्पर्धेचा नुसता निकाल पाहणाऱ्याला द्यूपाँ दिसलाच नसता.

आपल्याकडे हे नवं नाही. 2006 च्या अंडर-19 फायनलमध्ये कोलंबोत 110 धावांचा पाठलाग करताना 71 वर ऑल आउट झालेल्या भारतीय संघात रोहित शर्मा होता. 2012 ला फायनलमध्ये नाबाद 111 काढून कप आणणारा कर्णधार उन्मुक्त चंद भारताकडून कधी खेळलाच नाही.

"विसाव्या वर्षी खेळाडू तयार झालेला असतो"

या दाव्यापाशी थांबायला हवं. रग्बी फक्त टीव्हीवर, त्यातही मुंबईत 2025 च्या रग्बी प्रीमियर लीगमध्ये झालेलं सात-सात जणांचं पाहिलं असेल, तर हा दावा खरा वाटणं साहजिक आहे. सेव्हन्समध्ये पळणं जास्त, ढकलणं कमी. पंधरा जणांचा खेळ वेगळा, आणि त्यात वय जागेनुसार बदलतं.

स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी एकमेकांना ढकलायच्या झुंजीत, दोन्हीकडून आठ-आठ जण भिडतात, पुढच्या ओळीत तीन: डावीकडे लूजहेड प्रॉप, मध्ये हुकर, उजवीकडे टाइटहेड प्रॉप. लूजहेडचं डोकं एका बाजूनं मोकळं असतं. टाइटहेडचं डोकं समोरच्या लूजहेड आणि हुकर यांच्या मध्ये अडकतं, म्हणजे दोघांचा जोर एकाच्या खांद्या-मानेवर. मोठ्यांच्या सामन्यात समोरच्या आठांचं वजन मिळून 900 किलोच्या आसपास असतं. हा जोर नुसत्या ताकदीनं पेलत नाही. कंबर खांद्यापेक्षा वर गेली की मान वाकते आणि स्क्रम कोसळतो. पाय फार मागे राहिले की छाती जमिनीकडे जाते. पाय फार पुढे घेतले की ढकलायला जोरच उरत नाही. लूजहेड आतल्या बाजूला तिरका घुसला तर त्याला कसं सरळ ठेवायचं आणि पंचांना ते कसं दिसू द्यायचं, हे वेगवेगळ्या लूजहेडकडून मार खात शिकावं लागतं.

त्यात नियमाचा भाग आहे. 19 वर्षांखालच्या रग्बीत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायची परवानगी नाही. अंडर-20 च्या जागतिक स्पर्धेत ही मर्यादा नसते, मोठ्यांचाच स्क्रम. म्हणजे पूर्ण ढकलाढकली नुकतीच सुरू झालेला पोरगा तिथे प्रॉप म्हणून उभा असतो. अशा वयात नुसता अंगानं आडदांड असलेला प्रॉपही सामना फिरवून जातो. चार-पाच वर्षांनी समोरचे सगळेच तितके जड झाले की तंत्र नसलेला उघडा पडतो. या वयातला दणदणीत स्क्रम पाहून भविष्य सांगण्यात सर्वात मोठा धोका हाच.

2023 ची वर्ल्ड कप फायनल पाहा. दक्षिण आफ्रिकेचा टाइटहेड मालहर्बे 32 वर्षांचा. हुकर बोंगी म्बोनाम्बी सुरुवातीच्या मिनिटांतच जायबंदी झाला आणि उरलेला जवळजवळ पूर्ण सामना 37 वर्षांच्या डिऑन फूरीनं काढला. राखीव आठांत सात फॉरवर्ड (स्क्रममध्ये ढकलणारे) आणि एकच बॅक (मागे राहून पळणारा), तरी हुकर म्हणून तोच एक हाताशी होता. सामना 12-11 नं जिंकला. फूरीचं कसोटी पदार्पण 2022 चं, पस्तिशीतलं.

बाहेरच्या जागांचं उलट. विंगर (कडेनं पळणारा), फुलबॅक (सर्वात मागचा), काही वेळा फ्लाय-हाफ (चढाई आखणारा) विसाव्या वर्षीच पुढे जातात. न्यूझीलंडच्या रीको आयोआनीनं जून 2017 मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्ध (ब्रिटन-आयर्लंडमधल्या देशांचा एकत्र संघ) पहिल्या कसोटीत दोन ट्राय मारल्या. म्हणून अंडर-20 पाहताना विंगरबद्दल अंदाज बांधायला हरकत नाही, टाइटहेडबद्दल बांधू नये.

"सगळे देश पूर्ण ताकदीनं उतरतात"

हाच आयोआनी 1997 चा, म्हणजे 2017 च्या अंडर-20 साठी पात्र होता. तो गेला नाही, आणि न्यूझीलंडनं त्याच्याशिवाय फायनल 64-17 नं जिंकली. समोर इंग्लंड होतं, आणि त्यांचा टॉम करी त्याच जूनमध्ये मोठ्या संघासोबत अर्जेंटिनात कसोटी खेळत होता.

पात्रतेचा नियम जन्मवर्षावर आहे. 2025 साठी जन्म 1 जानेवारी 2005 किंवा त्यानंतरचा हवा होता. त्यामुळे "20 वर्षांखालील" संघात विशी ओलांडलेले खेळाडू सहज असतात. इंग्लंडचा हेन्री पोलॉक जानेवारी 2005 चा. 2024 च्या विजेत्या अंडर-20 संघात तो होता, 2025 लाही चालला असता. पण रोविगोत फायनल झाली तेव्हा तो लायन्स संघासोबत ऑस्ट्रेलियात होता. स्पर्धा जून-जुलैत, नेमकी मोठ्या संघांच्या दौऱ्यांच्या वेळी. म्हणजे जो सर्वात लवकर पिकला तो नेमका इथे नसतो.

आणि जे येतात त्यांचाही कस एकसारखा लागत नाही. 2025 चं वेळापत्रक घ्या: 29 जून, 4, 9, 14 आणि 19 जुलै. 21 दिवसांत पाच सामने, दर पाचव्या दिवशी एक. 12 संघ, चारचे तीन गट. गटविजेते तीन आणि दुसऱ्या क्रमांकांतला सर्वोत्तम एक उपांत्य फेरीत गेले. या चौथ्या जागेसाठी बोनस गुण निर्णायक ठरत होते: चार ट्राय केल्या की एक, सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी एक. प्रॉपला दर पाच दिवसांनी पूर्ण सामना झेपत नाही, म्हणून 30 जणांच्या चमूतून पुढची ओळ फिरवावी लागते. 2022 पासूनच्या नियमानुसार कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला धक्का) झालेला खेळाडू सातव्या दिवसाआधी परतू शकत नाही. फ्लाय-हाफचं डोकं आपटलं की पुढचा सामना गेलाच. इथे करंडक मिळतो तो ज्याच्याकडे तिसरा प्रॉप आणि दुसरा फ्लाय-हाफ बरा आहे त्याला.

अशी खोली कुठून येते हे फ्रान्सकडे पाहिलं की कळतं. तिथल्या क्लबांना सामन्याच्या 23 जणांत फ्रेंच प्रशिक्षण केंद्रांत घडलेले खेळाडू सरासरीनं ठरावीक संख्येत ठेवावे लागतात. त्यामुळे क्लब स्वतःच पोरं घडवतात आणि खेळवतात. 2018, 2019, 2023 ही तीन जेतेपदं या व्यवस्थेबद्दल बरंच सांगतात. 2023 च्या वर्ल्ड कपबद्दल काहीच सांगू शकली नाहीत: उपांत्यपूर्व फेरीत 29-28, दक्षिण आफ्रिका पुढे, फ्रान्स घरी.

"2031 दक्षिण आफ्रिकेचंच"

2002 साली जन्मलेली तुकडी घ्या. ऐन तिच्या वयात, 2020 ते 2022, स्पर्धा झालीच नाही. आरसाच नव्हता. तरी नोव्हेंबर 2002 चा कॅनन मूडी 2023 च्या विश्वविजेत्या संघात होता.

रोविगोतली पोरं 2031 ला 25-26 वर्षांची असतील. विंगर ऐन भरात, टाइटहेड जेमतेम शिकलेला. त्यांच्यातल्या प्रत्येक प्रॉपसाठी आता पाहायचं ते एवढंच: करी कपमध्ये (दक्षिण आफ्रिकेची देशांतर्गत स्पर्धा) आणि फ्रँचायझीकडून त्याला दर मोसमात किती मिनिटं मिळतात, आणि साठाव्या मिनिटानंतरही त्याचा स्क्रम सरळ राहतो का.