शेअर सर्टिफिकेट कपाटात, कारभार दुसऱ्याच्या हातात

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद तिथे राहतो, दर महिन्याला पैसे भरतो आणि इमारतीचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्कही त्यालाच असतो. पहिल्या दोन गोष्टी सगळेच करतात. तिसरी बहुतेक जण सोडून देतात. आणि माझं ठाम मत आहे की सहकारातून सभासदाला जे काही मिळतं ते त्या तिसऱ्या गोष्टीमुळेच टिकतं.

मूळ व्यवहार साधा आहे. सभासद भागभांडवल भरतात, बाकीची रक्कम कर्जातून उभी राहते, इमारत संस्थेच्या नावावर होते आणि सभासदाला घरात राहायचा हक्क मिळतो. महिन्याच्या रकमेत कर्जाचा हप्ता, कर, विमा, देखभाल आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे पैसे, एवढंच. नफा काढून नेणारा मालक मध्ये नाही. झुरिकमध्ये जवळपास पाचवा हिस्सा घरं अशा संस्थांची आहेत आणि तिथे जेवढा खर्च तेवढंच भाडं घेतात. त्यामुळे कर्ज फिटत जातं तसं जुन्या इमारतीत राहणं बाजारभावाच्या मानाने स्वस्त पडतं. २०११ मध्ये तिथल्या मतदारांनी कौल दिला की २०५० पर्यंत शहरातली एक तृतीयांश भाड्याची घरं नफ्याविना चालणारी असावीत.

पण सभासद कागदावरच राहिला तर? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली को-ऑप सिटी बघा. तब्बल १५,३७२ घरं. रहिवाशांनी भाग विकत घेतले होते, त्यांना 'को-ऑपरेटर' म्हणत, पण कारभार मात्र वसाहत उभारणाऱ्या संस्थेच्या माणसांकडे. बांधकामाचा खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला, व्याज वाढलं, इंधन महागलं आणि दरमहाची रक्कम चढत गेली. ती ठरवणाऱ्या टेबलावर रहिवासी जवळजवळ नव्हतेच. जून १९७५ मध्ये त्यांनी पैसे देणं थांबवलं. म्हणजे घरोघरचे चेक गोळा केले, आणि ते व्यवस्थापनाकडे न देता स्वतःच्या समितीकडे ठेवले. चार-पंचमांशांहून जास्त कुटुंबं यात होती आणि हे १३ महिने चाललं! शेवटी कारभार रहिवाशांच्या हाती आला.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रहिवाशांच्या समितीलाही नंतर रक्कम वाढवावी लागली. खर्च कुठे नाहीसा होतो? तो तिथेच असतो. फरक एवढाच की आता वाढीचं कारण ताळेबंदात शोधता येत होतं आणि पटलं नाही तर समिती बदलता येत होती. 'मेंटेनन्स का वाढवला' म्हणून जिन्यात कुरकुरणाऱ्या आणि वार्षिक सभेला न येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. कोरमअभावी सभा तहकूब होते, पुढच्या सभेला मूठभर माणसं येतात आणि लाखोंचं दुरुस्तीचं काम तीच मंजूर करतात. दोष त्या मूठभरांचा नाही.

आता कडू वाटेल असं एक सांगते. सहकाराला आतून पोखरणारी गोष्ट म्हणजे बाहेर पडतानाची किंमत, म्हणजे घर सोडताना सभासद ते ज्या भावाने पुढच्याला देतो ती. स्वीडनमध्ये सहकारी घरांच्या विक्रीवर एकेकाळी किमतीचं बंधन होतं. ते उठलं, आणि आज तिथे अशा घरात राहायचा हक्क खुल्या बाजाराच्या भावाने विकला जातो. आधी आलेल्यांचा फायदा झाला, नंतर येणाऱ्यांना बाजारातलंच घर मिळालं. याच्या उलट उरुग्वे. तिथे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर-मदतीच्या संस्थांना वाट करून दिली. कुटुंबं आठवड्याचे ठरलेले तास स्वतः बांधकामावर राबतात, मालकी संस्थेकडे राहते, आणि सोडून जाणाऱ्याला त्याने घातलेल्या वाट्याचा परतावा मिळतो. घर पुढच्या सभासदाला जातं.

'मग माझी गुंतवणूक वाढणार कशी?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वाढणार नाही, किंवा फार थोडी वाढेल. बदल्यात तुम्ही इतकी वर्षं खर्चाच्या भावात राहिलात, घर खाली करायला सांगणारा कुणी नव्हता, आणि तुम्हाला आत येताना जी किंमत परवडली होती ती तुमच्यानंतर येणाऱ्यालाही परवडेल. हा सौदा ज्यांना नको त्यांनी खुशाल बाजारातून घर घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण सहकाराच्या सवलतीची जमीन आणि स्वस्त कर्ज घ्यायचं, आणि विकताना मात्र बाजारभाव मागायचा, हे मला मान्य नाही.