तळ्याकाठी झोपा काढणाऱ्याचं उत्तर

अनामिक (नाव लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, असो),

स्कॉटलंडमधल्या लॉख फाइनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "व्हिसा, विमानभाडं एवढं सगळं करून आठवडाभर एका तळ्याकाठी झोपा काढल्या? स्काय बेट नाही, एडिनबरा नाही. त्यापेक्षा आमचं पवना बरं. मिज नावाच्या बारीक माश्या चावतात ते लिहिलं नाही, खर्च लिहिला नाही, लांबीही चुकलीय."

लांबीचं आधी. लॉख फाइन साधारण 65 किलोमीटर आहे, मी मैल लिहून बसलो. चूक माझीच.

पण "तळ्याकाठी"? अहो, लेख नीट वाचला असतात तर कळलं असतं की तो सी लॉख आहे, हिमनदीने डोंगर कोरून दरी केली आणि तिच्यात समुद्र शिरला, स्कॉटलंडमधला सगळ्यात लांब सी लॉख तो. तुमच्या पवनेला भरती येते का? माझं लहानपण दाभोळच्या खाडीवर गेलंय, खारं पाणी कुठलं आणि गोडं कुठलं ते मला कुणी कमेंटमध्ये शिकवू नये. आमच्या आईला तर पहिल्याच सकाळी कळलं, ओहोटीने दगड उघडे पडले होते, त्यावर शेवाळाच्या तपकिरी झिपऱ्या, ती खिडकीतूनच म्हणाली "अगो बाई, ही तर खाडीच की!" पुढे आठवडाभर भरती कधी लागणार ते तीच सांगायची, आणि काठावरच्या इनव्हरेरी गावाच्या धक्क्यावर पोरं दोरीला बेकनचा तुकडा बांधून कुर्ल्या काढायची आणि परत पाण्यात सोडायची, ते बघून तिचा जीव तुटायचा. कालवणाएवढ्या होत्या हो!

आणि झोपा काढल्याच. का नाही काढायच्या? 2014 साली आम्ही अकरा दिवसांत सात देशांची टूर केलीय, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, आई बसमध्ये पिशवी धरून ओकतेय, आणि नवव्या दिवसाच्या फोटोतलं शहर कुठलं ते अजून घरात एकालाही सांगता येत नाही. तशी सुट्टी तुम्हाला आवडत असेल तर खुशाल करा, पण जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो तिथे, त्या उजेडात बाबा, मी आणि ग्लासगोचा भाऊ तिघं एका बाकावर काहीही न बोलता बसलो होतो, बाबांबरोबर असा मी शेवटचा कधी बसलो होतो ते आठवत नाही. यात एडिनबरा कुठे बसवू?

स्कायचं म्हणाल तर नकाशा बघा एकदा, ग्लासगोहून इनव्हरेरी दोन तास, स्काय पाच-सहा तास, आईला घेऊन. दुसऱ्याला सल्ला द्यायला काय जातं?

मिज चावतात. वारा पडला की संध्याकाळी जास्त. खर्चाचं विचाराल तर भावाने केला, आता त्याचा हिशोबही देऊ का तुम्हाला?

किलोमीटरचं दुरुस्त केलंय. बघून घ्या.