‘सॉकेट जुळलं की कुठलाही मदरबोर्ड चालतो’ हे खरं नाही

“मदरबोर्डनं स्पीड वाढत नाही. सॉकेट तेवढं जुळवा, सगळ्यात स्वस्त बोर्ड उचला, वाचलेले पैसे प्रोसेसरला घाला.” बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हा सल्ला मोबाइलवरून सारखा फिरत असतो. त्यातलं पहिलं वाक्य बरंचसं बरोबर आहे. महाग बोर्ड घातला म्हणून टॅली किंवा डीटीपी पळायला लागत नाही. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं, करायचं नसेल तर इंटेलच्या झेड मालिकेच्या बोर्डावर खर्च करूच नये. नुकसान होतं ते पुढच्या भागानं.

आधी सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. इंटेलचे एच११० आणि एच३१०, दोन्ही बोर्डांचं सॉकेट एलजीए ११५१. पण पहिला सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा, दुसरा आठव्या-नवव्या. आठव्या पिढीचा आय५-८४०० हा एच११०वर नीट बसतो, कडी लागते आणि मशीन सुरूच होत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटची अडचण वेगळी. बी४५० बोर्ड २०१८चा, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२२चा. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातलाच प्रोग्रॅम) असला तर पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते, आणि गिऱ्हाईक प्रोसेसर खराब म्हणून परत घेऊन येतो. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर नसतानाही अपडेट होतं. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, त्यात घातलेल्या बायोसच्या फाइलला मॅन्युअलमधलं नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावून बटण तीनेक सेकंद दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत लाइट जाता कामा नये, त्यामुळं हे काम यूपीएसवरच करा. बटण नसेल तर पैसे देण्याआधी दुकानातूनच अपडेट करून घ्या. आणि ५६००मध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर बायोस नवा असूनही स्क्रीन काळीच राहील. तिथं ५६००जी लागतो.

आता ‘सगळ्यात स्वस्त’. नव्या खोक्यातले एच६१ बोर्ड अजूनही विकले जातात. ही चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, २०११ची. डीडीआर३ रॅम, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर, आणि डिस्क जोडायचं साटा पोर्ट ३ गिगाबिटचं, म्हणजे साटा एसएसडीही निम्म्या वेगानं चालते. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अशा बोर्डावर आज नवे पैसे घालू नका, कितीही स्वस्त असला तरी.

‘वाचलेले पैसे प्रोसेसरला’ हेही जपून. साध्या एच६१०वर आय५-१२४०० छान चालतो. त्याच बोर्डावर आय७ बसवून तासभर व्हिडिओ रेंडर लावला, की हीटसिंक नसलेले व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डावरचे भाग) तापतात आणि प्रोसेसर वेग खाली आणतो. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात बंद खोलीत तर हे लवकर दिसतं. एच६१०ला रॅमचे स्लॉटही दोनच. ८ जीबीच्या दोन लावल्या तर ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही एकदम वापरल्या जातात, पण पुढं ३२ हवे झाले की दोन्ही काढाव्या लागतात. डीडीआर४ की डीडीआर५ हेही खोक्यावर वाचा. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

जुना इंटेल बोर्ड घेत असाल तर सॉकेटवर मोबाइलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, तिरकी मारा. सगळ्या पिना एका रांगेत चमकायला हव्यात. एखादी वाकलेली असली तर रॅमचा एक अख्खा चॅनलच दिसेनासा होऊ शकतो, आणि हे घरी नेऊन दुसरी रॅम लावल्यावरच कळतं.